हँबर्गमध्ये चार दिवस आहात? मग आल्टोना ९३ चं मैदान बघा

तुमचा प्रश्न असा: एप्रिलमध्ये हँबर्गला चार दिवस आहात, बुंडेसलिगाची, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगची, तिकिटं मिळत नाहीत, तर एखाद्या हौशी क्लबच्या सामन्याला ओळखपाळख नसताना जाता येतं का, आणि जुना इतिहास असलेला क्लब कोणता?

खुशाल जा, कोणी हटकत नाही. क्लब म्हणाल तर माझं उत्तर एकच, आल्टोना ९३. आल्टोना हा आज हँबर्गचाच एक भाग, आणि ९३ म्हणजे स्थापनेचं साल, १८९३. मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या फुटबॉल खेळणाऱ्या तालमींच्या भांडणात वाढलेला. इथे नोकरीला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मोठ्या स्टेडियमवर गेलो. सामना चांगला झाला, पण परक्याच्या लग्नात जेवून आल्यासारखं वाटलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा कलकलाट पुन्हा कानावर पडला तो आल्टोनाच्या मैदानावर.

एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, बारेनफेल्ड स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. मैदानाचं नाव आडोल्फ-येगर-काम्पफबान. ‘काम्पफबान’ म्हणजे आपल्या भाषेत जवळपास आखाडाच. मैदान शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते लपवायचा कोणी प्रयत्नही करत नाही. मातीच्या उतारावर गवत वाढलेलं, पायऱ्या झिजलेल्या. एका कोपऱ्याला ‘मेकरएके’ म्हणतात, म्हणजे कुरकुऱ्यांचा कोपरा. म्हातारी मंडळी तिथे उभी राहून लाइन्समनचा उद्धार करत असतात. तुम्हीही तिथेच उभे राहा. भाषा कळली नाही तरी सूर कळतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, कुठला? भारतातला म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, ‘मग तुला हे ठाऊक हवं. आम्ही क्रिकेट क्लब होतो!’ मला वाटलं, थट्टा करतायत. पण खरं आहे. १८९३ मध्ये शाळकरी पोरांनी हा क्लब काढला तो ‘आल्टोनाचा क्रिकेट क्लब’ म्हणून. फुटबॉल नावात आला तो नंतर. १९०० मध्ये लाइपझिगला जर्मन फुटबॉल संघटना, म्हणजे डीएफबी, स्थापन झाली, तेव्हा संस्थापक क्लबांमध्ये हेही होते.

आता खरी गोष्ट. जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना ३१ मे १९०३ रोजी आल्टोनात झाला. या मैदानावर नव्हे, लष्कराच्या कवायतीच्या माळावर. स्पर्धेत संघ सहाच. आल्टोनाने माग्डेबुर्गच्या संघाला ८-१ ने लोळवलं, पण उपांत्य सामन्यात लाइपझिगकडून ६-३ ने मार खाल्ला. दुसऱ्या बाजूला कार्ल्सरूह आणि प्राग यांची गाठ होती. कार्ल्सरूहच्या संघाला तार आली, सामना पुढे ढकलला आहे. ते घरीच थांबले. तार खोटी निघाली! ती कोणी पाठवली, हे कोडं सुटलेलं नाही. कार्ल्सरूह बाद झालं आणि प्राग एकही सामना न खेळता अंतिम फेरीत. (हो, प्राग. तिथल्या जर्मन भाषकांचा क्लब डीएफबीचा सदस्य होता. पुढे १९३९ मध्ये नाझींच्या ताब्यात शहर गेल्यावर तो क्लबही संपला.)

सामन्याच्या दिवशी सगळे जमले, आणि धड चेंडूच नाही. नवा चेंडू आणेपर्यंत प्रेक्षक ताटकळले. पंच होते आल्टोना ९३ चेच फ्रान्झ बेर. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी, आणि शेवटी लाइपझिग ७-२ ने जिंकलं. देशाचा पहिला अजिंक्यपद सामना चेंडूवाचून खोळंबतो, यापेक्षा हौशी फुटबॉलची दुसरी व्याख्या मला तरी सुचत नाही.

आल्टोनात एक पथ्य पाळा. या लोकांना सरसकट हँबर्गकर म्हणू नका. हे गाव १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाकडे होतं, मग प्रशियाकडे गेलं, हँबर्गात आलं ते १९३७ च्या कायद्याने. क्लब या विलीनीकरणापेक्षा ४४ वर्षांनी थोरला, आणि मेकरएकेत ते ऐकवतातही.

मैदानाला ज्याचं नाव आहे तो आडोल्फ येगर इथला सर्वांत मोठा खेळाडू. जर्मनीकडून १८ सामने खेळला. १९४४ च्या नोव्हेंबरात न फुटलेले बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीत काम करत असताना स्फोटात गेला. वय ५५.

आज संघ चौथ्या-पाचव्या पायरीवर खाली-वर करतो. तिकीट फाटकावर मिळतं, खिशात सुट्टे युरो ठेवा. सॉसेज पावात घालून, वर मोहरीची चटणी, हे इथलं जेवण. बिअरच्या पेल्याला अनामत पडते, पेला परत केला की पैसे परत. आपण नवखे तो पेला कचऱ्यात टाकतो, मी टाकलाय. काउंटरवरच्या मावशी बहुधा कोणाच्या तरी आई किंवा आजी असतात आणि बिनपगारी उभ्या असतात, तेव्हा ‘दांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणायला विसरू नका. क्लबबद्दल काही विचारायचं असेल तर सामन्याआधी नको, संपल्यावर विचारा. हरले असतील तर जास्त बोलतात.

एप्रिलचं वेळापत्रक आधी बघा, आणि सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. पावसाने चिखल झाला की खेळ सरळ रद्द करतात. मी एकदा दुसऱ्याच एका छोट्या क्लबच्या बंद फाटकासमोर छत्री धरून अर्धा तास उभा होतो, शेवटी कुत्रं फिरवायला आलेल्या बाईंनी सांगितलं.

दुसरं म्हणजे, ही भेट पुढच्या वर्षावर टाकू नका. क्लबने २००७ मध्येच ही जागा घरं बांधायला विकलेली आहे, नवं मैदान होईपर्यंतच खेळायची मुभा. त्यामुळे निघण्यापूर्वी घरचा सामना अजून त्याच जुन्या मैदानावर आहे ना, तेवढं बघून घ्या.