'सगळं तुझ्याच हातात आहे' असं त्याला सांगू नका

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बी.कॉम. झाला, राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा हुकली. आता 'आपल्या नशिबातच नाही' म्हणतो, पहाटे तीनपर्यंत जागा असतो, छातीत जळजळ होते. तुम्ही रोज सांगता, 'सगळं तुझ्याच हातात आहे, मनावर घे.' आणि मला विचारता, अजून काय सांगू?

आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. महिनाभर झोप नाही, हे अंगावर काढू नका. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही बोलला, तर त्याच क्षणी टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता तुमचा प्रश्न. आयुष्याची दोरी आपल्या हातात आहे की नशिबाच्या, याबद्दल प्रत्येकाच्या मनात काहीतरी धरलेलं असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये ते मोजायची प्रश्नावली मांडली. आपण केल्याने फरक पडतो असं वाटणारी माणसं साधारणपणे कामात चिकाटी धरतात आणि तब्येतही सांभाळतात. फरकच पडणार नसेल, तर गोळी वेळेवर कोण घेईल?

पण म्हणून 'सगळं' हातात येत नाही. तुम्ही मागावर काम करता. धागा तुटला की गाठ मारता. वीज गेली किंवा सुताचा भाव चढला, तर स्वतःला दोष देत नाही. मुलावर मात्र जागा किती निघाल्या, परीक्षा किती पुढे गेली, याचंही ओझं पडलंय. सगळं त्याच्याच हातात होतं, तर नापास होण्याचा अर्थ एकच उरतो: मीच नालायक. तो सोसवत नाही, म्हणून पोरगं नशिबाच्या आडोशाला बसलंय.

आणखी एक, रागावू नका. कॉमर्स तुम्ही निवडलं, क्लास तुम्ही लावला, पुण्यातली खोलीही तुम्हीच ठरवली. मायेपोटीच, हे कळतं मला. पण ताबा नुसता मानून भागत नाही, तो मिळावाही लागतो. लंडनमधल्या दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा अभ्यास १९८५ पासून सुरू झाला. आपलं काम कसं करायचं हे ठरवायची मुभा ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं.

तेव्हा अजून किती प्रयत्न द्यायचे, ते त्याला ठरवू द्या. जुने पेपर उत्तरतालिकेशी ताडून गुण कुठे गेले ते त्यालाच शोधू द्या. तुम्ही शेजारी बसू नका. सोबत सोलापूरच्या चाटी गल्लीत एखाद्या कापड दुकानाचे हिशेब बघायचं अर्धवेळ काम मिळालं, तर मी ते आनंदाने सुचवीन. पगार थोडा असेल, पण महिनाअखेर जुळलेला हिशेब त्यानेच जुळवलेला असेल.

पुण्याची खोली ठेवायची की सोडायची, हेही त्यालाच विचारा. उत्तर द्यायला त्याला आठवडा लागला, तरी मध्ये बोलू नका.