मे महिन्यात लेकीची खोली पाहुण्यांना जाते

ताई, आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैपासून जवळ. नवरा बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोट चालवणारा, हंगामात आठ-आठ दिवस घरी नसतो. घरातल्याच तीन खोल्या मी पाहुण्यांना देते, सोबत न्याहारी आणि दोन वेळचं जेवण. मुलगी आता आठवीत जाईल, मुलगा पाचवीत. सासूबाई गुडघ्यांनी बेजार आहेत. मुलगी पूर्वी शाळेतून आली की माझ्या मागे मागे फिरत सगळं सांगायची. आता विचारलं तर एका शब्दात उत्तर. रात्री मोबाइल घेऊन पडते, सकाळी हाका मारून मारून माझा घसा दुखतो. विज्ञानात मार्क घसरलेत. मेच्या गर्दीत तिची खोलीही पाहुण्यांना द्यावी लागते, तेव्हा तर तोंड फुगवूनच असते. परवा रविवारी पाहुण्यांची ताटं उचल म्हटलं, तर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी काय इथली कामवाली आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा हात उगारला गेला, मारलं नाही. आई घरातच असून मुलांना आई मिळत नाही असं वाटतं. हा धंदा बंद करू का?
– एक आई

अगो, धंदा बंद करायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला. ते 61 दिवस तुमचं घर कोणाच्या कमाईवर चालतं ते तुला ठाऊक आहे. शाळेच्या वह्या, गणवेश, सासूबाईंची औषधं, सगळं त्याच दोन महिन्यांत येतं. तीन खोल्या आणि एका चुलीवर तू हे उभं केलंस. ते मोडलंस तर मुलांना आई जास्त मिळेल असं तुला वाटतंय, पण पैशाच्या काळजीने पिचलेली आई मिळेल.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. त्यात लेक जिथे जिथे येते तिथे तिच्या हातात काम आहे, नाहीतर तिच्या नावावर तक्रार. मुलगा एकदाच येतो, तो पाचवीत जाणार आहे एवढं सांगायला. आणि खोलीची गोष्ट तू एका वाक्यात उरकलीस. माझं मन मात्र तिथेच अडकलं.

तेरा वर्षांच्या मुलीची खोली म्हणजे काय ते जरा तिच्या बाजूने बघ. मे महिना हा तिच्या सुट्टीचा महिना. नेमक्या त्याच महिन्यात तिचे कपडे पिशवीत भरले जातात, वह्या-पुस्तकं कपाटावर चढतात, आणि ती माजघरात आजीशेजारी अंथरुण टाकते. तिच्या पलंगावर कोणीतरी परकी माणसं झोपतात, तिच्या आरशात बघतात. वयात येणारी मुलगी. कपडे बदलायचे तर न्हाणीघर रिकामं व्हायची वाट बघायची. पाळीचे दिवस असले तर पॅड ठेवायचे कुठे आणि टाकायचे कुठे, तेही घरभर पाहुणे असताना. हे ती तुला सांगणार नाही. खोली देताना तिला विचारलं होतंस का, तेही पत्रात नाही. बहुतेक विचारलं नसशील, कारण पाहुणे दारात उभे असताना विचारायला वेळ कुठे असतो.

तेव्हा पहिलं काम हे कर. ती खोली तिला कायमची परत दे, पुढच्या मेमध्येसुद्धा. त्या दिवसांत एका खोलीचं भाडं बुडेल, ते थोडं नाही हे मी जाणते. उरलेल्या खोल्यांचा दर सुट्टीच्या दिवसांत थोडा वाढव. मेमध्ये समुद्राकाठी खोली शोधणारा माणूस तेवढ्यासाठी परत जात नाही. आणि खोलीला आतून कडी असू दे. मुलगी कडी लावून बसली म्हणजे काहीतरी लपवते असं सासूबाई म्हणतील. म्हणू देत.

आता ताटांचं. "मी कामवाली आहे का" हे चारचौघांत ऐकणं कठीण होतं, मान्य. पण ते वाक्य त्या दिवशीच्या चार ताटांपुरतं नव्हतं. शुक्रवारचंच बघ. मुंबई-पुण्याचे पाहुणे शुक्रवारी दुपारीच ऑफिसातून निघतात, तुझ्याकडे पोचेपर्यंत दहा वाजतात. त्यांना गरम भाकरी, तळलेला मासा. जेवणं आटपून भांडी होईपर्यंत बारा. आणि शनिवारी शाळा सकाळची! आठवड्यात ज्या दिवशी तिला सगळ्यात लवकर उठायचं असतं, त्याच्या आदल्या रात्री ती सगळ्यात उशिरा झोपते. 13 ते 18 वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. शिवाय या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून लवकर अंथरुणावर पडली तरी डोळा लागत नाही आणि सकाळी उघडत नाही. याला आळस म्हणू नकोस. विज्ञानाचे मार्कही मला तिथेच घसरलेले दिसतात. दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग राज्यात पहिला येतो, त्या कौतुकाचं ओझं मुलांवर आठवीपासूनच पडायला लागतं. त्यात झोप अपुरी असेल तर पोरीने काय करावं?

शुक्रवारी रात्रीच्या कामातून तिला पूर्ण मोकळी कर. बुकिंग घेतानाच पाहुण्यांना सांग की साडेनऊनंतर येणाऱ्यांना पिठी-भात, पापड आणि लोणचं मिळेल, माशाचं ताट दुसऱ्या दिवशी दुपारी. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला गरम कुळथाची पिठी आवडतेच. (उकडीचे मोदक हवे असणाऱ्यांनाही आदल्या दिवशी सांगायची सवय लाव. ऐन वेळी मोदक सांगणाऱ्या पाहुण्यांपायी घरातल्या बायका उभ्या उभ्या थकतात.)

मुलांनी घरच्या धंद्यात हातभार लावू नये असं माझं म्हणणं नाही. लावावा, त्यातून मुलं शहाणी होतात. 2016 साली बालकामगार कायदा बदलला, तेव्हाही चौदा वर्षांखालच्या मुलांना घरच्या व्यवसायात मदत करायची मुभा ठेवली. मात्र काम धोक्याचं नसावं, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत असावं आणि त्याने शिक्षणाचं नुकसान होऊ नये, या अटींवर. तुझ्या घराला कायदा दाखवायला मी आलेले नाही. मुलांची मदत कुठपर्यंत आणि ओझं कुठून, ही रेघ ओढायला त्या अटी उपयोगी पडतील म्हणून सांगितलं.

आणि ती रेघ ओढताना मुलाला विसरू नकोस. दहा वर्षांचा पोरगा चादरींच्या घड्या घालू शकतो, पाण्याच्या बाटल्या भरू शकतो, लसूण सोलू शकतो, खळं म्हणजे अंगण झाडू शकतो. स्वतःचं ताट तर त्याने आजपासूनच उचलायचं, काटे कागदात गुंडाळून, ताट विसळून. सासूबाई म्हणतील, मुलग्याला कसली बायकांची कामं सांगतेस. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या लेकाकडे बोट दाखव. बोटीवर आठ दिवस कोण रांधतं? बाप्येच रांधतात ना, भात, कालवण, सगळं. जे काम समुद्रात पुरुषाला शोभतं ते घराच्या ओट्यावर का शोभू नये? त्यातून सासूबाईंनाच नातवाची गुरू कर. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही, पण खुर्चीवर बसून घावन कसं पातळ घालायचं ते शिकवता येईल. नातू शिकला की त्याच गावभर सांगतील बघ.

नवरा आता दोन महिने घरी आहे, म्हणजे तुला ही घडी बसवायला याहून चांगली वेळ नाही. तो जाळी दुरुस्त करील, बोटीची डागडुजी करील, हे सगळं खरं, पण पावसात दिवसाचे बरेच तास तो घरी असेल. पाऊस म्हणून पाहुणेही कमी. त्याला सकाळची न्याहारी आणि पोरांचे डबे दे. पहिले काही दिवस पोह्यांत मीठ जास्त होईल. मधे पडू नकोस. मुलीला बापाच्या हातचा डबा न्यायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही, त्यातून तिला घरात कोण काय करू शकतं ते कळेल.

तिच्याशी बोलायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात तेच आहे. "ये, बस, मला तुझ्याशी बोलायचंय" असं म्हणू नकोस. या वयाची मुलं समोरासमोर बसवली की गप्प होतात. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की बोलतात. मंगळवार-बुधवारी पाहुणे नसतील तेव्हा तिला घेऊन दापोलीला जा, वह्या घ्या, बाजारात फिरा, एस्टीत शेजारी बसा. किंवा घरीच दोघी मिळून कोकमाची वाळलेली सोलं डब्यात भरा. तिने मैत्रिणीचं काही सांगितलं तर मधेच "मग अभ्यास कधी करता?" असं विचारू नकोस. त्या एका प्रश्नाने ती पुन्हा महिनाभर बोलणार नाही. उगारलेल्या हाताबद्दलही तिथेच बोल, सरळ, फाटे न फोडता: "त्या दिवशी मी हात उगारला, तो उगारायला नको होता. तुझ्यावर कामाचा भार जास्त पडला, ते माझ्या लक्षात आलंय. खोली तुझी तुलाच राहील." पुढे "पण तूही पाहुण्यांसमोर…" असं जोडू नकोस. तिला ते कळलेलं आहे.

आणखी एक कर. तुझी हिशेबाची वही तिला दाखव. मे महिन्यात किती आले, गॅसला किती गेले, मासळीला किती, तिच्या क्लासची फी कुठून निघाली. ती आठवीत आहे, टक्केवारी तिला येते. आपण राबतो ते कशासाठी, हे मुलांना आकड्यांत दिसलं की त्यांचा राग बदलतो. आणि सुट्टीत ती खरंच काम करत असेल तर त्या वहीत तिच्या नावाचं पान घाल, ठरलेली रक्कम तिच्या पोस्टाच्या खात्यात टाक. मुलाने काम केलं तर त्याच्याही नावाने.

मोबाइलचं फार मनावर घेऊ नकोस. दिवसभरात तिचा असा वेळ तेवढाच उरत होता, म्हणून रात्री ती त्याला चिकटून होती. खोली आणि वेळ परत मिळाला की तो सुटायला सोपा जाईल. मग नियम सगळ्यांना सारखा: रात्री दहाला घरातले सगळे मोबाइल ओटीवर चार्जिंगला, तुझाही. बुकिंगचे फोन सकाळी घेतलेस तरी पाहुणे पळून जात नाहीत.

हे सगळं करूनही ती मरगळलेलीच राहिली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन तपासून घे. पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार दिसतं. या वयात ते 12 च्या खाली असेल तर डॉक्टर औषध देतील. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती जेवल्यावर घेते की दप्तरात ठेवते ते विचार. जेवणात लिंबू असू दे, आणि जेवणाला लागून चहा देऊ नकोस, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आणि समजा, ती जेवेनाशी झाली, मैत्रिणींनाही टाळायला लागली, एकटी रडताना दिसली किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलली, तर थांबू नकोस. डॉक्टरांकडे ने. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. मला त्यात एक दमलेली, रागावलेली आणि अजून घरातल्या माणसांकडून अपेक्षा असलेली मुलगी दिसते. अपेक्षा आहे म्हणूनच ती बोलली.

नारळी पौर्णिमा झाली, की नवरा पुन्हा बोटीवर जाईल, आणि गणपतीला चाकरमानी आले, की घर भरून जाईल. तेव्हा खोलीवर पुन्हा डोळा जाईल. मुंबईच्या काकूला लेकीच्या खोलीत झोपवायचं असं कोणीतरी सहज म्हणून जाईल. त्याआधीच नवऱ्याशी बोलून ठेव. काकूची गादी माजघरात घाला, नाहीतर पाहुण्यांच्या तीन खोल्यांतली एक त्या आठवड्यात बुकिंगला देऊ नका. आणि ते सांगायचं काम नवऱ्याने करायचं, त्याच्या भावाला, त्याच्या तोंडाने.