कोलवाळहून सुटल्यावर मुलाचं काय?

प्रश्न: माझा धाकटा मुलगा (वय २४) चोरीच्या गुन्ह्यातली शिक्षा संपवून चवथीच्या तोंडावर कोलवाळ तुरुंगातून सुटेल. आयटीआयत वायरमनचं एक वर्ष झालंय. मोपा विमानतळावर काम मिळेल का, की मुंबईला मामाकडे धाडू? लाजेपोटी घरचं कोणी त्याला भेटायला जात नाही.
– एक वडील, पेडणे

उत्तर: काका, नोकरीचं नंतर, आधी भेटायला जा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १६ हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांची पाहणी करून २०११ साली अहवाल काढला. ज्यांना भेटायला कोणी येत होतं, त्यांना पुन्हा गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला. सुटका जवळ आल्यावरच्या भेटी जास्त उपयोगी, त्यातही वडील, भावंडं आणि धर्मगुरूंच्या. तुम्हाला तर पूल ओलांडला की कोलवाळ. एखाद्या खेपेला भजनाच्या बुवांनाही न्या.

मोपाचा नाद सोडा. आत काम करायचं तर प्रवेशपास लागतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. मुंबईही नको, मामा कामावर गेले की हा दिवसभर मोकळा. जुनी टोळी तुमच्याच वाड्यावर असेल तर गोष्ट वेगळी, मग काही महिने दुसऱ्या तालुक्यातल्या नातलगांकडे ठेवा.

वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा. झालेलं वर्ष धरतात का, ते त्याच्या आयटीआयत विचारा. तोवर ओळखीच्या वायरिंग कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लावा. शिक्षेचं तुम्हीच आधी सांगा. तिसऱ्याकडून कळलं तर पहिलं हरवलेलं पक्कड याच्याच नावावर. पगार आठवड्याला मागा. बिघडतं ते पहिल्या महिन्यातच: खिसा रिकामा, पेट्रोल जुना मित्र भरतो आणि मग त्याचं ऐकावं लागतं. म्हणून पगार सुरू होईपर्यंत ठरलेली रक्कम दर सोमवारी न मागता त्याच्या हातावर ठेवा.

सुटल्याबरोबर आधारला चालू मोबाइल नंबर जोडा. जुनं सिम बंद पडून तो नंबर दुसऱ्याला गेला असेल, तर ओटीपी त्यालाच जातील. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं. शाखेत केवायसी दिली की परत सुरू होईल.

चवथीला आलेगेले उपदेश करत बसतील, तेवढे आवरा. त्याला लायटिंगचं काम द्या. सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीची पेटी मात्र यंदा त्याच्याकडे नको. दहा रुपये कमी भरले तरी बोट त्याच्याकडेच जाईल.