बुटं पेटीतून काढा, वावर विकू नका

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकार वडिलांनी लिहिलं आहे : मुलगा बारावी झाला, नीटला ७२० पैकी २१२ गुण आले. तो फुटबॉलमध्ये गोलकीपर आहे आणि 'खेळातच काहीतरी करीन' म्हणतो. वडिलांनी त्याचे बूट टिनाच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. पाच एकरांपैकी दोन एकर विकून त्याला लातूरला पुन्हा नीटच्या तयारीला पाठवायचं ठरवलं आहे. 'कोरोनात मोठमोठे क्लब बुडाले, खेळाडूंचे पगार बंद झाले. तुम्ही आकडे देऊन त्याले समजावून सांगा, माह्यं तो आयकत नाही,' असं त्यांचं म्हणणं.)

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. २१२ गुणांची मला तेवढी काळजी वाटली नाही, पेटीच्या कुलपाची वाटली. दोन पानांच्या पत्रात मुलगा काय म्हणतो याची एकच ओळ आहे, बाकी सगळं तुम्ही काय ठरवलं ते. अठरा वर्षांच्या पोराचे बूट कुलपात ठेवल्यावर तो अभ्यासाला बसतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. तो घरात असून बोलेनासा होतो, आणि मग बाप परक्या माणसाला पत्र लिहितो. 'तो आयकत नाही' हे तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. शेवटचं तुम्ही त्याचं कधी ऐकलं, ते आठवून पाहा. हे कडक वाटेल, पण त्याला भीती घालण्यासाठी मी आकडे देणार नाही. आकडे देतो ते तुम्हा दोघांना.

कोरोनात फुटबॉलचं नुकसान झालं, हे खरं आहे. मार्च २०२० मध्ये आपली आय-लीग, म्हणजे देशभरातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा, मधेच थांबली. उरलेले २८ सामने रद्द झाले आणि चार फेऱ्या बाकी असतानाच पुढे निघून गेलेल्या कोलकात्याच्या मोहन बागान क्लबाला विजेता घोषित केलं. हॉलंडमध्ये त्या वर्षी विजेताच ठरवला नाही. स्पेनच्या बार्सिलोना क्लबाच्या खेळाडूंनी आणीबाणीच्या काळापुरती ७० टक्के पगारकपात मान्य केली. पण भाऊ, तुम्ही 'बुडाले' म्हणता ते मोठे क्लब काही बुडाले नाहीत. जगातल्या सर्वाधिक कमाईच्या २० क्लबांचं उत्पन्न २०१९-२० च्या हंगामात सुमारे १२ टक्क्यांनी घटलं. घाव मोठा, पण ते उभे राहिले.

इथेच तुमचा गैरसमज आहे, आणि तो तुम्हाला तुमच्याच वावरातून समजेल. क्लबाकडे पैसा तीन वाटांनी येतो : तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि प्रायोजक. मोठ्या क्लबांची टीव्हीची वाट चालू राहावी म्हणून तर जर्मनीने १६ मे २०२० लाच रिकाम्या मैदानात सामने सुरू केले. इंग्लंडची मोठी लीग जूनमध्ये सुरू झाली. पण त्याच इंग्लंडच्या चौथ्या पातळीवरच्या क्लबांनी हंगाम तिथेच संपवला. त्यांचं पोट फाटकावरच्या तिकिटांवर. प्रेक्षक नाहीत, वर खेळाडूंच्या तपासण्यांचा खर्च, तर खेळणं न खेळण्यापेक्षा महाग पडत होतं. आता २०२० चा उन्हाळा आठवा. कापसाची खरेदी ठप्प झाली होती आणि मे-जूनपर्यंत लोकांच्या घरात कापूस छताला लागला होता. ज्याच्याकडे नुसता कापूस होता तो अडला. ज्याच्याकडे थोडी तूर, दोन म्हशी, घरात एखादा पगार होता, त्याने वर्ष काढलं. त्यावरून कोणी म्हटलं का, की आता पऱ्हाटी लावूच नका? पुढच्या जूनमध्ये तुम्ही लावलीच. कोणाचं घर एकाच खांबावर उभं होतं, तेवढं त्या बंदने दाखवलं.

आणि बंद पडायला साथच लागते असं नाही, हे मुलानेही वाचावं. आयएसएलने (इंडियन सुपर लीग, आपल्याकडची सगळ्यात मोठी फुटबॉल लीग) २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना पार पाडला. तीच लीग जुलै २०२५ मध्ये थांबवून ठेवली, कारण देशाचा फुटबॉल महासंघ आणि लीग भरवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणजे तुमची भीती बिनबुडाची नाही, भाऊ. खेळाडूचा करार हंगामापुरता किंवा दोन-तीन हंगामांचा असतो. मैदान बंद असताना करार संपला, तर दाराशी दुसरा क्लब उभा नसतो.

बाळा, आता तुझ्याशी. अठराव्या वर्षी तू कुठल्या अकादमीत किंवा क्लबच्या युवा संघात नसशील, तर आयएसएलचा खेळाडू होण्याची वाट फार अरुंद आहे. ती मी तुला रुंद करून दाखवणार नाही. पण फुटबॉलभोवती पोट भरणारी माणसं अकराच नसतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुझ्या घरापासून एसटीने गाठण्यासारखं आहे, १९१४ पासून उभं आहे. तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी, पुढे बी.पी.एड., म्हणजे खेळाचा शिक्षक होण्याची पदवी. जोडीने डी लायसन्सचा कोर्स, म्हणजे फुटबॉल प्रशिक्षकाची पहिली पायरी. फिजिओथेरपीचे प्रवेश आपल्या राज्यात आजवर नीटच्याच गुणांवर होत आलेत. तुझ्या गुणांत कुठे बसतं ते तपास, ते गुण वाया गेले असं समजू नकोस. फिजिओला फुटबॉल बंद असला तरी गावातली गुडघेदुखी असते. हा दुसरा खांब.

राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याला तालुका-जिल्ह्याचं प्रमाणपत्र पुरत नाही. पोलीस भरतीची तयारी कर, ती तुला माहीत आहेच.

भाऊ, पुन्हा तुमच्याकडे येतो. तुमच्या पत्रात खरा धोक्याचा सौदा फुटबॉलचा नाही. ज्या पोराला डॉक्टर व्हायचंच नाही, त्याच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी दोन एकर विकणं हा आहे. २१२ वरून सरकारी एमबीबीएसपर्यंत जायला बहुतेकांना गुण दुपटीहून जास्त लागतात. ज्याला ते हवं असतं तोही त्यासाठी रात्रंदिवस झुरतो. तुमचा मुलगा झुरतोय तो पेटीतल्या बुटांसाठी. क्लबांनी हंगाम गमावला तरी पुढच्या वर्षी मैदान तिथेच होतं. विकलेलं वावर तुम्हाला त्या भावात पुन्हा मिळणार नाही, आणि त्या दोन एकरांचं ओझं पोराच्या डोक्यावर आयुष्यभर राहील. तुमच्या घरात आज एकच खांब आहे, तो तुम्ही जवळपास अर्धा कापायला निघालात.

व्यवहाराचा इसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर या आठवड्यात परत करता येतो का, ते बघा.

पेटीची किल्ली मुलाच्या हातात द्या. त्याला म्हणा, पुढचं पत्र तू लिही. शालेय स्पर्धांत जिल्हा, विभाग, राज्य यांपैकी कुठवर खेळला, कोणती प्रमाणपत्रं आहेत, आणि सामना नसलेल्या दिवशी त्याला काय करायला आवडतं, एवढं त्यात लिहावं. उत्तर मी त्याच्याच नावाने पाठवीन.