पारपटलाचे उलटणारे दुखणे

प्रश्न : माझे वय ४२ आहे. वर्ष-दीड वर्षाने माझा उजवा डोळा लाल होतो, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही आणि नजर धूसर होते. नेत्रतज्ज्ञांनी ‘हर्पीस केरॅटायटिस’ असे निदान केले आहे. मागच्या खेपेला उरलेले प्रेडनिसोलोनचे (स्टिरॉइडचे) थेंब या वेळी मी स्वतःच घातले. दोन दिवस बरे वाटले, नंतर त्रास वाढला. हा आजार मुळापासून जात का नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रथम ते थेंब बंद न करता आजच नेत्रतज्ज्ञांना डोळा दाखवावा आणि आपण काय घातले, किती दिवस घातले, हे न संकोचता सांगावे. स्टिरॉइड कसे कमी करायचे किंवा थांबवायचे, हे डोळा तपासल्यावरच ठरवता येते.

हा आजार म्हणजे पारपटलाचा, अर्थात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा दाह; तो हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे होतो. तापानंतर अनेकांच्या ओठांच्या कडेला पाणीदार फोड उठतात, ते बहुधा याच विषाणूचे असतात. नागिणीचा विषाणू त्याच कुळातला असला, तरी वेगळा. लहानपणी केव्हातरी, बहुतेकदा कळतही नाही अशा रीतीने, त्याचा संसर्ग होतो आणि मग तो चेहऱ्याला व डोळ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत आयुष्यभर सुप्त राहतो. आजची औषधे वाढत्या विषाणूला रोखतात, परंतु त्या गाठीत निद्रिस्त असलेल्या विषाणूपर्यंत त्यांचा उपाय चालत नाही. म्हणून डोळा पूर्ण बरा होऊनही दुखणे उलटू शकते.

स्टिरॉइडविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे लाल डोळ्यावर ते थेंब सर्रास आणि बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय वापरले जातात. विषाणू जेव्हा पारपटलाच्या वरच्या थरात वाढत असतो, तेव्हा तेथे झाडाच्या फांद्यांसारखी जखम उमटते. फ्लोरेसीन हा रंग डोळ्यात घालून निळ्या प्रकाशात पाहिले की ती हिरवी चमकते. अशा वेळी स्टिरॉइडने लाली व ठणका उतरतो खरा, पण शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे विषाणूला मोकळे रान मिळते आणि जखम पसरते. याउलट दाह पारपटलाच्या आतल्या थरात असेल, तर तेथे हानी मुख्यतः शरीराच्या प्रतिकारामुळेच होते, आणि त्या स्थितीत विषाणुरोधक औषधाच्या जोडीने दिलेले स्टिरॉइड नजर वाचवते. म्हणजे एकाच रुग्णाला एका खेपेस जे औषध तारते, तेच पुढच्या खेपेस घातक ठरू शकते, आणि फरक स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली) तपासल्याशिवाय कळत नाही. त्यातच वारंवारच्या दाहाने पारपटलाची संवेदना मंदावते, त्यामुळे दुखत नाही म्हणून आजार सौम्य आहे, असे समजू नये.

पुन्हा होऊ नये म्हणून काही करता येते का, हे आपण विचारलेले नाही, पण तेच अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, आधीच्या वर्षभरात हा आजार होऊन गेलेल्या ७०३ रुग्णांपैकी निम्म्यांना ॲसायक्लोव्हिर या विषाणुरोधक औषधाच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, असे बारा महिने देण्यात आले. त्या काळात गोळ्या घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना आजार पुन्हा झाला. आतल्या थराचा दाह पूर्वी होऊन गेलेल्यांना लाभ अधिक ठळक होता. गोळ्या बंद केल्यावर मात्र हे संरक्षण टिकत नाही. आपला आजार वारंवार उलटत असल्याने या उपायाविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा बदलावी लागते, म्हणून तेही सांगावे.

मध, गुलाबपाणी, तूप यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

प्रश्न : याच आजाराने माझ्या वडिलांच्या डोळ्यात फूल पडले आहे. नेत्ररोपणाने दृष्टी येईल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : डाग दाट व मध्यभागी असेल, तर पारपटलाच्या रोपणाचा विचार करतात, शक्यतो डोळा काही महिने शांत राहिल्यानंतरच. सुप्त विषाणू मज्जातंतूत तसाच असल्यामुळे नव्या पारपटलावरही आजार उलटू शकतो आणि रोपण नाकारले जाण्याचा धोकाही इतर रुग्णांपेक्षा अधिक असतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर विषाणुरोधक गोळ्या दीर्घकाळ, सहसा वर्षभर किंवा त्याहून अधिक, चालू ठेवतात. फूल फिकट असेल, तर आधी कडक कॉन्टॅक्ट लेन्सने किती दिसते, ते पाहून घ्यावे; काहींची शस्त्रक्रिया त्यामुळे टळते.