वॉरंटी नोव्हेंबरपर्यंत, मुदत मात्र एप्रिलपर्यंत

प्रश्न सांगलीहून आला आहे, पण असे प्रश्न सतत येतात. फक्त गाडीचं मॉडेल बदलतं. धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबर २०२३ रोजी, तुम्ही साडेअकरा लाखांची गाडी घेतलीत. खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडे खडखड आणि स्टिअरिंग फिरवलं की कट्कन आवाज. १६ एप्रिल २०२४ ला, दुसऱ्या फ्री सर्व्हिसच्या वेळी, तक्रार नोंदवली. ‘चेक केलं, नॉर्मल आहे’ असं उत्तर मिळालं. पुढे कधी लिंक रॉड बदलला, कधी शॉकअपचं माउंटिंग. ऑक्टोबर २०२५ मध्ये जॉबकार्डवर ‘स्टिअरिंग रॅकमध्ये प्ले’, म्हणजे सैलपणा, असं लिहिलं गेलं, पण बाहेरून रुंद टायर आणि अलॉय बसवलेत म्हणून वॉरंटी नाकारली. नवी गाडी मिळेल का, असं विचारताना तुम्ही जाताजाता लिहिता, ‘वॉरंटी तीन वर्षांची आहे, नोव्हेंबर २०२६ पर्यंत, तेव्हा तशी घाई नाही.’

घाई आहे. आता फेब्रुवारी २०२६ चालू आहे आणि तक्रार दाखल करायला तुमच्या हातात जेमतेम दोन महिने उरलेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे यावं लागतं. वॉरंटी तीन वर्षांची असो की सात, या कलमाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही पाठवलेल्या ईमेलांनी आणि स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. समोरच्याने आक्षेप घेतला नाही तर निभावेल, या भरवशावरही राहू नका. मुदत तपासणं हे खुद्द आयोगाचंच कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात स्पष्ट केलं आहे.

दोन वर्षं मोजायची कुठून? सुरक्षित हिशेब पहिल्या नोंदीपासूनचा, १६ एप्रिल २०२४ पासूनचा. रॅकचा दोष ऑक्टोबर २०२५ मध्येच कळला, तोवर दुरुस्त्या चालू होत्या, वॉरंटीही तेव्हाच नाकारली, असा युक्तिवाद करता येईल. तो मान्य होऊ शकतो; होईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्या वकिलापासून सावध राहा.

पण खरी अडचण टायरांची आहे. ते तुम्ही दिवाळी २०२४ ला बसवलेत. कंपनी सगळा भार त्यांच्यावर टाकणार. त्याला तुमच्याकडे एकच भक्कम उत्तर आहे: आवाज एप्रिल २०२४ मध्येच नोंदवला होता, टायर बसवण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे टायरांचा आक्षेप परतवायचा तर दोष एप्रिल २०२४ पासून होता असं म्हणावं लागेल आणि मुदत वाचवायची तर तो ऑक्टोबर २०२५ ला कळला असं म्हणावं लागेल. ही दोन विधानं एकत्र नांदू शकत नाहीत असं नाही, पण समोरचा वकील ती नेमकी एकमेकांवर आपटेल. १६ एप्रिल २०२६ च्या आत तक्रार दाखल झाली तर दुसरं विधान करण्याची वेळच येत नाही. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते. ‘वॉरंटी शिल्लक होती म्हणून थांबलो’ हे मात्र सबळ कारण वाटत नाही.

आणि त्या एप्रिलच्या जॉबकार्डाबद्दल तुम्ही काय लिहिता? ‘कुठेतरी असेल.’ सोन्याची पावती जपता आणि साडेअकरा लाखांच्या गाडीचे कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबता! आजच डीलरला ईमेल करून संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी आणि प्रत्येक जॉबकार्डाची प्रत मागा. दिली नाही तर ती हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यात तारखा जातात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप पुसू नका. ते दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं.

आता आवाजाकडे. मी मेकॅनिक नाही, पण कोणता भाग वाजतो यावर दावा हलतो. ‘पुढून आवाज येतो’ एवढंच लिहिलंत की तुम्ही वॉरंटी पुस्तिकेतल्या अपवादांत अडकता. बऱ्याच पुस्तिकांत रबरी बुश झिजणाऱ्या भागांत मोडतात आणि कामात अडथळा न आणणारा किरकोळ आवाज वॉरंटीबाहेर असतो. हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर खडखड असेल तर संशय लिंक रॉडवर किंवा लोअर आर्मच्या बुशवर. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आवाज येत असेल तर माउंटिंगच्या बेअरिंगवर. पूर्ण वळवून चालवताना टकटक झाली तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर. स्टिअरिंग सैल लागत असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक. ऑक्टोबरच्या जॉबकार्डावर ‘प्ले’ लिहिलं गेलं, तेव्हाच तुमचं प्रकरण आवाजावरून दोषावर आलं. तो कागद तरी हरवू नका.

तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली गाडीच्या तांत्रिक तपासणीचा अर्ज द्या. ओळखीच्या गॅरेजवाल्याचा अहवाल शपथपत्रासह जोडता येतो, पण कायद्याला अभिप्रेत असलेली प्रयोगशाळा सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावरची असते. तपासणीचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागू शकतो. तोवर रॅक बाहेर बदलू नका, पुरावाच जाईल. सैल स्टिअरिंगची गाडी चालवूही नका. उभी करा, किलोमीटरचा फोटो काढा आणि गाडी उभी असल्याचं डीलरला लेखी कळवा.

नवी गाडी? मागणी करा, पण तिच्यावर विसंबू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या क्लचच्या प्रकरणात, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून रॅक मोफत बदलून मिळावा, आजवरचा खर्च आणि हेलपाट्यांची भरपाई मिळावी, ही पर्यायी मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

डीलर कोल्हापूरचा म्हणून कोल्हापूरला जायची गरज नाही. राहत्या जिल्ह्यात, सांगलीच्या आयोगात, तक्रार चालते. फी ४०० रुपये, ई-जागृती पोर्टलवरून घरूनही भरता येते. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. त्या पाच महिन्यांवर हिशेब बसवू नका. सदस्यांच्या जागाच रिकाम्या असल्या तर तारखेवर तारीख पडते, आणि अशा वेळी आयोगाच्या दारात गाडीच्या आवाजापेक्षा पक्षकारांचं पुटपुटणं जास्त ऐकू येतं.

एक गोष्ट पत्रात नाही. तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. आरसी तुमच्या नावावर आहे की फर्मच्या? फर्मच्या असेल तर ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप येईल, म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली, तेव्हा तुम्ही ‘ग्राहक’च नाही, असा. त्याला उत्तर आहे, पण ते तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात असावं लागतं. आरसी आणि खरेदीचं इनव्हॉइस, दोन्हींची प्रत या आठवड्यात पाठवा.