पुरस्काराचा शिक्का बघून मुलीसाठी कादंबरी घ्यावी का?

तुमची मुलगी सहावीत आहे, बदलीमुळे तुम्ही नुकतेच साताऱ्यात आलात आणि पुरस्कार मिळालेल्या मराठी बालकादंबऱ्यांपैकी कुठली घ्यावी, हा तुमचा प्रश्न. मी सातारा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्या अनुभवावरून सांगते.

पहिली गोष्ट, पुरस्कार पुस्तकाला मिळालाय की लेखकाला, हे बघा. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. माधुरी पुरंदरे (२०१४), राजीव तांबे (२०१६), रत्नाकर मतकरी (२०१८) यांना तो बालसाहित्यातल्या एकूण कामासाठी मिळाला. तिथे 'पुरस्कारवालं पुस्तक द्या' म्हणून दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. आणि फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत तर २००१ मध्येच गेले, त्यामुळे फास्टर फेणेला हा शिक्का लागणं शक्यच नव्हतं. म्हणून तो सोडायचा का? आमच्या शाळेच्या पुस्तकपेटीत त्याच्याच पुस्तकांची पानं सगळ्यात जास्त निखळलीत.

आता एकाच पुस्तकाला मिळालेला पुरस्कार हवा असेल, तर ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' (२०१७) आधी घ्या. धरणात जाणारं गाव, आणि ते बघणारा लहान मुलगा. खिचडी खाऊन झाल्यावर मी ती रोज चार-पाच पानं वर्गात वाचायचे. आमच्याकडे कण्हेर धरणामुळे उठलेल्या घरांतली मुलं आहेत. त्यातला एक, एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा, तास संपल्यावर म्हणाला, "बाई, आज्जीला वाचून दाखवायचंय, न्हेऊ का?" पुस्तक तीन आठवड्यांनी परत आलं, कव्हरवर चहाचा डाग घेऊन. आज्जीनं मधेच थांबवून त्याला सांगितलं होतं म्हणे, "आमच्यात आधी गुरं हलवली, मग माणसं." ते त्यानं शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. मी खोडलं नाही.

तुमची मुलगी शहरात वाढली असेल तर कदाचित ती या पुस्तकात लगेच रमणार नाही. मग संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) द्या. रोजनिशीच्या धाटणीची आहे, वाचून झाल्यावर आमच्या तीन मुलींनी स्वतःच्या वह्या लिहायला घेतल्या, त्यातली एक अजून चालू आहे. सलीम मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९) जंगलात फिरवून आणते, लेखक स्वतः वनखात्यातले. भुताखेतांची आवड असेल तर भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४). दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'लाही २०११ मध्ये हाच पुरस्कार मिळालाय, पण ती कादंबरी नाही, एकेक गोष्ट सुटी वाचता येते. वाचायचा कंटाळा असणाऱ्या मुलाला मी तिथूनच सुरुवात करून देते.

विकत घेण्याआधी एकदा भिलारला जाऊन या. पाचगणीच्या पुढे स्ट्रॉबेरीच्या शेतांत वसलेलं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली असतात, बालसाहित्याची जागा निराळी आहे, आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत. फक्त शनिवार-रविवार टाळा, पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि मुलं पुस्तकापर्यंत पोचेतो वैतागलेली असतात. तिथे तुम्ही पुस्तक सुचवू नका. ती उभ्या-उभ्या चाळत असेल तर चाळू द्या. ज्या पुस्तकाला ती आपोआप खाली बसेल त्याचं नाव गुपचूप लिहून घ्या आणि साताऱ्यात परत आल्यावर तेच मागवा.